जिम सोडू की रनिंग? भरतीच्या पुढचं बघून केलेली तयारी

पारोळा तालुक्यातल्या एका मुलाने विचारलं आहे. वय २०, उंची १७१, वजन ६८ किलो. दीड वर्षापासून जिम, बेंचवर ८० किलो मारतो, बीमवर ६ पुल-अप्स निघतात. अग्निवीरची ऑनलाइन परीक्षा निघाली आणि भरती मेळाव्याला साधारण १४ आठवडे आहेत. १६०० मीटरला ६ मिनिटं २० सेकंद लागतात. रोज पहाटे ४ किलोमीटर जीव तोडून पळतो, संध्याकाळी आठवड्यातले सहा दिवस जिम. रनिंग वाढवलं की जिममधला आकडा खाली येतो आणि जिम मनासारखी झाली की दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाहीत. महिन्याभरापासून नडगी दुखते. त्याचा प्रश्न असा: जिम सोडू का? आणि निवड झालीच, तर सैन्याच्या ट्रेनिंग सेंटरला माझा निभाव लागेल का?

भाऊ, जिम सोडू नको आणि रनिंगचे दिवसही वाढवू नको. तुझी मेहनत कमी पडत नाहीये, ती एकाच पट्टीत अडकली आहे. रोज पहाटे तू ना हळू पळतोस, ना खऱ्या अर्थाने जोरात. रोजचं ४ किलोमीटर ‘जीव तोडून’ म्हणजे शरीर थकवण्याइतकं जोरात आणि वेग वाढवायला लागतं त्याहून हळू. त्यावर संध्याकाळी सहा दिवस वजनं. सातव्या दिवशी तू झोपतोस आणि सोमवारी पुन्हा तेच. असा मुलगा आळशी मुलापेक्षा लवकर मोडतो, हे मी मैदानावर दर वर्षी बघतो.

मी १७ वर्षं पायदळात होतो. शेवटची काही वर्षं नव्या पोरांना पीटी शिकवण्यात गेली. आता अमळनेरला पहाटे मुलांचं मैदान घेतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलांची तक्रार ठरलेली असते: “उस्ताद, पाय जड व्हई ग्यात.” मी आधी विचारतो, काल काय केलं? परवा काय केलं? उत्तर बहुतेक वेळा तुझ्यासारखंच येतं.

जिम आणि रनिंग एकमेकांना खातात ही समजूत अगदी खोटी नाही. रॉबर्ट हिक्सन नावाचे एक अमेरिकी संशोधक स्वतः वजनं उचलणारे होते. पुढे ज्या प्राध्यापकांकडे काम करायला गेले ते रोज पळणारे, म्हणून हेही त्यांच्यासोबत पळू लागले आणि आपली ताकद उतरतेय हे त्यांच्या लक्षात आलं. मग १९८० साली त्यांनी तीन गटांवर १० आठवड्यांचा प्रयोग छापला. एक गट फक्त वजनं, दुसरा फक्त दमसासाचा व्यायाम, तिसरा दोन्ही. तिसऱ्या गटाची ताकद सातव्या आठवड्यापर्यंत वाढत राहिली, मग थांबली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत उतरायला लागली. जिममधले दादा लोक एवढंच सांगून थांबतात. दोन गोष्टी राहून जातात. एक म्हणजे, दोन्ही करणाऱ्यांचा दमसास वजनांमुळे कमी झाला नाही. दुसरी म्हणजे, त्या लोकांनी आठवड्यात पाच दिवस वजनं आणि सहा दिवस जोरकस दमाचं काम केलं होतं, हलका दिवस जवळजवळ नव्हताच. तुझं वेळापत्रक त्यांच्यापेक्षा फार वेगळं नाही. पुढे बऱ्याच संशोधनात दिसलं की वजनं आटोपशीर ठेवली तर पळणाऱ्याला फायदाच होतो, कारण त्याच वेगाला त्याची शक्ती कमी खर्च होते.

म्हणजे तुला निवड जिम आणि रनिंग यांच्यात करायची नाही. आठवड्यात जोराचे दिवस किती आणि हलके किती, एवढं तुला ठरवायचं आहे.

पण त्याआधी दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मेळाव्याची परीक्षा आणि सेंटरचं ट्रेनिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेळाव्यात १.६ किलोमीटर ५ मिनिटं ३० सेकंदांत आलं तर ६० गुण, ५:४५ पर्यंत ४८. बीमला १० पुल-अप्सचे ४० गुण, त्याखाली प्रत्येक पुल-अपला गुण घटत जातात. ९ फुटी खड्डा उडीत ओलांडणं आणि झिगझॅगवर तोल सांभाळून चालणं, हे नुसतं पास व्हायचं. सगळं मिळून शरीराचं काम पंधरा मिनिटांचंही नाही. सेंटरला मात्र पहाटे पीटी, मग ड्रिल, मग वेपन ट्रेनिंग, मग खेळ, मध्ये चूक झाली की रगडा, म्हणजे शिक्षेची कसरत, असे सुमारे सहा महिने. दिवसभर बूट पायात. पाठीवर पिट्ठू, म्हणजे वजनाची पाठपिशवी. पुढे युनिटमध्ये गेल्यावर युद्धसाजासह ५ किलोमीटर पळायचं, दोर चढायचा, आडव्या दोरावरून जायचं आणि तो ९ फुटी खड्डा पुन्हा, या वेळी लादलेल्या अंगाने. तिथे पहिल्या महिन्यात बाहेर बसणारी मुलं दम नाही म्हणून बसत नाहीत. त्यांची नडगी, पावलाचं हाड, गुडघा बोलायला लागतो.

मी स्वतः असाच बसलो होतो. भरतीआधीचे दोन महिने मी डांबरी रस्त्यावर रोज दहा-बारा किलोमीटर मारले, वजन उचलणं शून्य. मेळाव्यात पहिल्या गटात आलो. सेंटरच्या पाचव्या आठवड्यात उजव्या नडगीच्या हाडाला बारीक तडा निघाला आणि मला मागच्या बॅचमध्ये टाकलं. आम्ही त्याला रेलिगेट होणं म्हणतो. ज्यांच्यासोबत पहिल्या दिवशी केस कापले ते कसम परेड करून निघून गेले आणि मी बरॅकच्या पायरीवर पाय लांब करून बघत बसलो. तेव्हापासून हाड या विषयावर मी मुलांशी जास्त बोलतो.

हाडाचं असं आहे. नवा भार पडला की शरीर आधी जुनं हाड कुरतडून काढतं आणि मग तिथे नवं भरतं. काढायचं काम दोन-तीन आठवड्यांत होतं, भरायला महिने लागतात. म्हणजे भार अचानक वाढवल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या पुढे हाड पूर्वीपेक्षा कच्चं असतं आणि नेमक्या त्याच वेळी दम आणि स्नायू सुधारल्यामुळे मुलाला वाटतं, आता अजून वाढवू. सैनिकांच्या पायाची ही तक्रार जुनी आहे. प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने १८५५ साली कूच करून सुजलेल्या पावलांबद्दल लिहून ठेवलं होतं, तेही क्ष-किरणांचा शोध लागायच्या चाळीस वर्षं आधी.

तुझी नडगी म्हणून आधी तपास. पलंगावर बस आणि नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा वरून खाली दाबत आण. दुखणं वीतभर पसरलेलं असेल, पळायला सुरुवात करताना जास्त आणि अंग तापल्यावर कमी होत असेल, तर ते स्नायू आणि हाडावरच्या आवरणाचं दुखणं आहे आणि शहाणपणाने वागलास तर जाईल. एका बोटाच्या टोकाएवढ्याच जागेवर कळ येत असेल, पळताना वाढत जात असेल, रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल किंवा त्या एका पायावर उडी मारताच तिथे चमक निघत असेल, तर आजपासून पळणं बंद आणि हाडाच्या डॉक्टरकडे जा. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेत तडा बहुतेकदा दिसत नाही. एक्स-रे साफ आला म्हणून खूश होऊन पळायला लागू नको, दुखण्याची जागा डॉक्टरांना बोटाने दाखव.

तपासणीत पसरलेलं दुखणं निघालं असं धरून पुढचं सांगतो.

पहिले चार आठवडे जोरात पळणं पूर्ण बंद. आठवड्यात चार दिवस, ३० ते ४० मिनिटं, इतकं हळू की सोबत पळणाऱ्याशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. तुझ्या आजच्या वेळेवरून हा वेग किलोमीटरला सहा ते साडेसहा मिनिटांच्या आसपास येईल. तुला लाज वाटेल. गावातली पोरं पुढे निघून जातील. जाऊ दे. माझे वडील तिफण हाकताना म्हणायचे, “दम धरीसन”, आणि हे चार आठवडे तेच करायचे आहेत. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं ते याच पळण्यात, आणि हाडाला भरून यायला वेळही इथेच मिळतो.

कशावर पळतोस ते बघ. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्या भेगेत पाय गेला की घोटा मुरगळलाच. पावसाळ्यात तीच माती बुटाला किलोभर चिकटते आणि चाल बिघडते. रोजचं डांबर नडगीला बरं नाही. पाटाच्या कडेचा मुरमाचा रस्ता किंवा चांगली वापरातली गाडवाट सगळ्यात उत्तम. दोन-तीन दिवस तिथे, एखादा दिवस मैदानावर. मैदानावर पळताना निम्म्या फेऱ्या उलट दिशेने मार, नाहीतर एकाच पायावर वळणाचा ताण पडत राहतो.

या चार आठवड्यांत जिम तीन दिवस, सहा नाही. आणि छाती-बायसेप्सचे वेगवेगळे दिवस बंद, दर वेळी पूर्ण शरीर. बेंच सोड असं मी म्हणत नाही, पण सैन्यात आडवं पडून वजन ढकलायचा प्रसंग मला १७ वर्षांत आला नाही. उचलणं, ओढणं, वाहणं आणि एका पायावर तोल सांभाळणं, याचे प्रसंग रोज आले. स्क्वॉट, डेडलिफ्ट, डोक्यावर प्रेस, रोइंग, पुल-अप्स, पुढे-मागे लंज, आणि दोन्ही हातांत वजन धरून चालणं. स्क्वॉट आणि डेडलिफ्ट पाच-पाचचे तीन सेट, शेवटी अजून दोन निघाले असते असं वाटेल इतक्याच वजनावर. थरथरत शेवटचा रेप काढायची जिममधली जी हौस असते ती तुझ्यासाठी नाही. तो शेवटचा रेप तुझं पुढच्या दिवशीचं पळणं खाऊन टाकतो आणि ताकदीत फारशी भरही घालत नाही.

पोटऱ्यांकडे कुणी लक्ष देत नाही. पायरीच्या कडेवर एका पायावर उभं राहून टाच खाली सोडून वर घ्यायची, दोन सेकंद खाली, दोन वर. प्रत्येक पायाला २० सलग निघेपर्यंत एक दिवसाआड. नंतर भिंतीला पाठ टेकून, पाय फूटभर पुढे ठेवून, टाचा जमिनीवर ठेवायच्या आणि बोटं वर ओढायची, २५ वेळा. नडगीच्या दुखण्यावर माझ्या मैदानातल्या मुलांना या दोन गोष्टींनी जितका फरक पडला तितका कुठल्याही मलमाने पडला नाही.

जिम लांब असेल तर अडायचं कारण नाही. डीएपीची गोणी ५० किलोची असते, युरियाची आता ४५ ची. रिकाम्या गोणीत रेती भरून, तोंड शिवून २५ आणि ४० किलोच्या दोन कर. खांद्यावर घे, बैठका मार, मिठीत धरून पन्नास पावलं चाल. गोणी हातात नीट बसत नाही म्हणूनच ती चांगली, जखमी साथीदारही नीट बसत नाही. आणि आपल्याकडच्या आखाड्याला कमी लेखू नको. सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी झालेला विजय चौधरी चाळीसगाव तालुक्यातलाच. जोर आणि दोरावर चढणं ही आखाड्यातली कामं बीम आणि पुढे युनिटमधल्या दोरासाठी सरळ उपयोगाची आहेत.

बीमचं वेगळं सांगतो. ६ वरून १० वर जायला रोज दमेपर्यंत लटकायचं नसतं. आठवड्यात पाच दिवस, दिवसभरात चार-पाच वेळा, फक्त ३-३ काढ, अगदी स्वच्छ, हनुवटी वर, खाली हात पूर्ण सरळ. गोठ्याच्या आढ्याला पाइप बांध, येता-जाता तीन मार. आठवड्यात दोन दिवस वर उडी मारून हनुवटी बीमवर ठेव आणि पाच मोजत खाली ये, असे पाच. दर दुसऱ्या रविवारी एकदाच पूर्ण जोर लावून मोज. आणि वजन वाढू देऊ नको. तुझ्या उंचीला ६८ ठीक आहे, पण पोटावरचे दोन किलो गेले तर बीम आणि पळणं दोन्ही फुकटात सुधारेल. उपाशी राहून मात्र नाही.

पाचव्या आठवड्यापासून दहाव्यापर्यंत मुख्य काम. इथे एक नियम घट्ट धर: जोराचं सगळं एकाच दिवशी, हलकं सगळं दुसऱ्या दिवशी. मुलं उलट करतात. पळण्याचा जोराचा दिवस सोमवार, पायांची जिम मंगळवार, पुन्हा जोराचं पळणं बुधवार, म्हणजे पायांना सावरायला एकही दिवस नाही. तू मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे जोरात पळ आणि त्याच दिवशी संध्याकाळी वजनं उचल, मध्ये किमान सहा तास आणि दोन जेवणं. बाकीचे दिवस हलके किंवा सुट्टी. परीक्षा पळण्याची आहे म्हणून पळणं पहाटे, ताज्या पायाने. पायांचे स्क्वॉट आधी आणि वेगाचं पळणं नंतर, असं कधीच नको.

मंगळवारी ४०० मीटरचे सहा तुकडे. ५:३० म्हणजे ४०० मीटरला साडेब्याऐंशी सेकंद, २०० ला एक्केचाळीस. तू आज पंचाण्णवच्या सरासरीने १६०० पूर्ण करतोस. पाचव्या आठवड्यात ९० ने सहा तुकडे, मध्ये दोन मिनिटं चालणं. सहाही तुकडे एकसारखे आले तरच पुढच्या आठवड्यात ८८. असं उतरत दहाव्या आठवड्यापर्यंत ८१-८२ वर यायचं. पहिला ७८ आणि शेवटचा ९५ आला तर तो सराव वाया गेला असं समज. शुक्रवारी १००० मीटरचे चार, वेग असा की दोन-तीन शब्दच बोलता येतील, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. दोन शुक्रवार सोडून तिसऱ्याला १००० ऐवजी चढ घे, धुळ्याकडच्याने लळिंगचा, चाळीसगावकडच्याने पाटणादेवीकडचा, तुझ्याकडे जी टेकडी असेल ती. तीस सेकंद वर जोरात, चालत खाली, आठ वेळा. चढावर पाऊल कमी आपटतं, म्हणून नडगीवाल्याला चढ सपाट मैदानापेक्षा सोसतो.

रविवारी एक लांब, हळू पळणं, ७ किलोमीटरपासून सुरू करून १० पर्यंत. बुधवारी ३५ मिनिटं अगदी सावकाश. गुरुवार, शनिवार, सोमवार यांतला एक दिवस पूर्ण सुट्टी, एक दिवस नुसता बीम आणि पोट-पाठ, आणि एक दिवस पिट्ठू घेऊन चालणं.

या पिट्ठूवर थोडं थांबतो, कारण भरतीची तयारी करणारं जवळजवळ कुणीच हे करत नाही आणि सेंटरला याचंच ओझं सगळ्यात जड वाटतं. शाळेच्या बॅगेत ६ किलो, चादर खाली कोंबून वजन खांद्याच्या पात्यांमध्ये राहील असं. चार किलोमीटर भरभर चाल, पळायचं नाही. वजन घेऊन पळायचं ट्रेनिंग सेंटर देईल, तिथे ते हळूहळू चढवतात. घरी तू हाड आणि खांदे फक्त ओळखीचे करून ठेव. दर दोन आठवड्यांनी २ किलो वाढव आणि १२ वर थांब. बूटही याच दिवशी. जाड तळाचे चामडी बूट घेतलेस तर आधी घरात, मग या चालण्यात घाल. नवे बूट घालून पळालास तर टाच सोलून दहा दिवस बसशील.

इथे शेतकऱ्याच्या पोराने एक हिशोब लक्षात ठेवावा. १६ लिटरचा फवारणी पंप भरून पाठीवर घेतला की पंपासकट वीस किलोच्या आसपास जातो. कपाशीत अर्धा दिवस तो घेऊन फिरलास, तर तुझं पिट्ठूचं चालणं झालं, वर पुन्हा करायचं नाही. फवारणीच्या दिवशी जोराचं पळणंही नको. औषध अंगावर असताना धापा टाकू नयेत, आधी अंघोळ, मग जेवण, मग झोप. तसंच शेतीची लाईट रात्रीची असली आणि रात्री दोनला पाणी भरायला गेलास, तर पहाटेचा ४०० चा सराव दुसऱ्या दिवशी ढकल. झोप न झालेल्या अंगाने केलेला जोराचा सराव अंगी लागत नाही, दुखापत तेवढी देऊन जातो. मुलं मला सांगतात, “उस्ताद, फौजी थकत नाही.” फौजी थकतो. मी थकलेले फौजी पाहिले आहेत, आणि झोप मिळेल तिथे बसल्या बसल्या दहा मिनिटं घेणाराच शेवटपर्यंत टिकतो.

जेवणाचं लांबवत नाही. ६८ किलोच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. भाकरी-ठेच्यावर ती भरत नाहीत. कळण्याची भाकरी चांगली, त्यात उडीद असतो. तीन-चार अंडी म्हणजे २० ते २५ ग्रॅम, अर्धा लिटर दूध म्हणजे १६, मूठभर भाजलेले शेंगदाणे, दोन वेळा वाटी-वाटी घट्ट डाळ. अंडी चालत नसतील तर ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांमध्ये २५ ग्रॅम निघतात. पळण्याआधी अर्धा तास केळं, रावेर-यावलचं केळं असताना डब्यातल्या महागड्या पावडरीवर पैसे घालू नको. शेवभाजी आणि भरीत खा, पण ४०० च्या सरावाच्या आदल्या रात्री नाही.

ऊन. जळगाव-भुसावळचा एप्रिल-मे ४५ अंशांच्या आसपास जातो, हे तुला सांगायला नको. सराव सूर्य वर यायच्या आत संपव. पण मेळावा उन्हात आला तर अंगाला सवय हवी, आणि ती सवय दहा ते चौदा दिवसांत होते, रोज थोडं थोडं, तेही हलक्या पळण्यातच. मीठ-साखर-पाणी सोबत ठेव. पळताना कुणी अडखळायला लागला, बोलणं तुटक झालं, विचारलं तर वेडंवाकडं उत्तर दिलं, तर त्याला पाणी पाजत बसू नका. सावलीत घ्या, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि गाडी बोलवा. दुसरी खूण: अति मेहनतीनंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर थेट दवाखाना. स्नायू फुटून रक्तात उतरल्याची ती खूण असते आणि मूत्रपिंड जाऊ शकतं.

आणि हे मी नंदुरबार, शिरपूर, चोपडा, यावल भागातल्या मुलांसाठी मुद्दाम लिहितो. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल आहे. ज्याला आजार आहे त्याला बहुधा माहीत असतं, पण जो नुसता वाहक आहे तो धडधाकट असतो, वीस वर्षं त्याला पत्ता लागत नाही. अतिशय जोराच्या सलग श्रमात, उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना अशा वाहकाच्या रक्तपेशीही वाकू शकतात. अमेरिकी सैन्यातल्या नव्या भरतीतली तरुण पोरं अशी दगावल्याचं १९७० पासून नोंदलेलं आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी होते, एकदा करून घे. वाहक निघालास तर आयुष्य थांबत नाही, पण वेग हळूहळू वाढवायचा, पाणी सोडायचं नाही, आणि पाय-कंबर अचानक अशक्त होऊन दुखायला लागले तर त्या क्षणी थांबायचं. उस्तादाला आधीच सांगून ठेवायचं. आपल्या मुलाला ‘नाटक करतो’ म्हणणारा उस्ताद अशा वेळी जीव घेऊ शकतो, म्हणून मी माझ्या मैदानावर पहिल्याच दिवशी हे विचारतो.

गोळ्या-इंजेक्शनांचं एका वाक्यात: मेळाव्याच्या सकाळी ‘दम वाढवायला’ कुणी काही टोचायला किंवा प्यायला दिलं तर घेऊ नको, आणि दुखणं दाबायला वेदनाशामक खाऊन पळू नको, विशेषतः उन्हात.

अकराव्या आठवड्यापासून जिममधलं काम कमी कर, तीव्रता नाही. म्हणजे स्क्वॉटचं वजन तेच, सेट तीनऐवजी दोन, आठवड्यात दोनऐवजी शेवटच्या पंधरवड्यात एकच दिवस. ताकद महिनाभर अशी सहज टिकते, घाबरू नको. ४०० च्या जागी ६००-६००-४०० असं मेळाव्याच्या वेगाने, मध्ये तीन मिनिटं. बाराव्या आठवड्याच्या शेवटी एकदा पूर्ण १६०० घड्याळ लावून. त्यानंतर मेळाव्यापर्यंत पूर्ण चाचणी नाही. शेवटच्या सात दिवसांत पळणं निम्मं, पिट्ठू बंद, बीम फक्त ३-३.

मेळाव्याच्या दिवशी गर्दीने सुटतात आणि पहिले दोनशे मीटर सगळे चित्त्यासारखे धावतात. धक्का लागून पडू नये म्हणून बाहेरच्या बाजूने नीघ, पण त्यांच्या वेगाने नाही. पहिली ४०० ची फेरी ८०-८१. दुसरी आणि तिसरी ८३ च्या आत. तिसरीतच मुलं सुटतात, तिथे पुढच्याच्या पाठीवर डोळे ठेव आणि हात जोरात हलव, पाय हाताच्या मागे येतात. शेवटचे ३०० काय उरलं असेल ते.

तू विचारलं नाहीस तरी सांगतो. ६:२० वरून ५:४५ तुझ्या हातात आहे, हे मी ठामपणे म्हणतो. ५:३० साठी या १४ आठवड्यांतला एकही आठवडा दुखापतीत जाता कामा नये. म्हणून पहिल्या चार आठवड्यांची घाई करू नको.

राहिली ती निवड आणि रिपोर्टिंग यांच्यामधली वेळ. इथे मुलं सगळं घालवतात. निवड झाली की सत्कार, पार्ट्या, नातेवाइकांकडे जेवणं, दोन महिने मैदान बंद, आणि सेंटरला पोचल्यावर एका आठवड्यात शून्यावरून शंभरावर. हाडाचं जे वर सांगितलं ते आठव. त्या काळात आठवड्यात तीन दिवस हळू पळ, दोन दिवस पूर्ण शरीराची वजनं आणि एक दिवस बूट घालून पिट्ठूचं चालणं, एवढं चालू ठेव. ४०० चे तुकडे दहा दिवसांतून एकदा पुरेत. नडगीवरून अंगठा दर रविवारी फिरव, आणि कळ एका बोटाच्या जागेवर यायला लागली तर सेंटरला निघायच्या आधी दाखव, तिथे पोचल्यावर पाचव्या आठवड्यात नाही.